टेबलावरचा संगणक आणि भाषेचे विस्तार : पर्ल व पायथन यांच्या इतिहासातील एक प्रश्न

संगणक-भाषांचा इतिहास लिहिताना सामान्यतः त्या भाषेचे व्याकरण, तिचा कर्ता आणि तिच्या क्रमाने निघालेल्या आवृत्त्या यांचाच विचार केला जातो. ती भाषा एखाद्या अध्यापकाच्या वा विद्यार्थ्याच्या टेबलावरील संगणकात प्रत्यक्ष कशी नांदू लागली, आणि तिच्यात मुळात नसलेली सामर्थ्ये त्याने तिला कशी जोडून घेतली, हा भाग किरकोळ तांत्रिक तपशील म्हणून सोडून देण्यात येतो. ही उपेक्षा योग्य नव्हे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्या संगणक-भाषा संशोधकांच्या हाती रुळल्या त्यांचे बळ मूळ व्याकरणापेक्षा विस्तारांत अधिक होते. आणि ज्याला विस्तार इन्स्टॉल करता आला नाही त्याच्या दृष्टीने ते बळ नसल्यासारखेच होते.

विस्तार दोन प्रकारचे असतात. काही विस्तार त्या भाषेतच लिहिलेले असतात. त्यांच्या फाइली योग्य त्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवल्या की काम भागते. दुसरे विस्तार सी किंवा तत्सम भाषेत लिहिलेले असतात. वेग हवा असतो म्हणून, किंवा आधीच सी-मध्ये सिद्ध असलेल्या एखाद्या ग्रंथालयाशी भाषेचा सांधा जुळवावयाचा असतो म्हणून, असे लिहिणे भाग पडते. या दुसऱ्या प्रकारच्या विस्ताराचे कंपायलरकडून यंत्रसंहितेत रूपांतर करून घ्यावे लागते, आणि ते रूपांतर विशिष्ट यंत्र, विशिष्ट कार्यप्रणाली व भाषेची विशिष्ट आवृत्ती यांनाच लागू पडते. सारी अडचण येथे आहे. हे रूपांतर कोणी करावयाचे : विस्ताराच्या कर्त्याने, मधल्या कोणा संस्थेने, की वापरणाऱ्याने? पर्ल आणि पायथन या दोन भाषांच्या इतिहासात या एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली गेली, आणि प्रत्येक उत्तराची किंमत कोणी ना कोणी मोजली.

पर्लची पहिली आवृत्ती 18 डिसेंबर 1987 रोजी बाहेर पडली. तिचे कर्ते लॅरी वॉल यांचे उच्च शिक्षण भाषाशास्त्राचे. बर्कली येथे त्यांनी व त्यांच्या पत्नीने या विषयाचा अभ्यास केला तो एखाद्या अलिखित भाषेसाठी लिपी तयार करण्याच्या हेतूने; प्रकृतीच्या कारणाने तो बेत पार पडला नाही. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला हा योगायोग केवळ कौतुकाचा वाटू नये, कारण पर्लच्या पुढील वाटचालीत भाषाविषयक एक जुनी समस्या स्पष्ट दिसते. पर्लच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत तिला बाहेरील सी-ग्रंथालय जोडण्याचा मार्ग असा होता : पर्लचा अर्धवट बांधलेला गाभा घ्यावयाचा, त्यात आपली सी-संहिता मिसळावयाची आणि कंपायलर चालवून एक नवीनच पर्ल तयार करावयाची. ओरॅकल या डेटाबेसशी बोलणारी 'ओरापर्ल', सायबेसशी बोलणारी 'सिबपर्ल', इन्ग्रेसशी बोलणारी 'इंगपर्ल' अशा स्वतंत्र पर्ली त्यातून जन्मास आल्या. या खऱ्या अर्थाने बोली होत्या. ओरापर्लमध्ये लिहिलेल्या आज्ञावलीला सायबेसशी संबंध ठेवावयाचा झाला तर दोन्ही जोडण्या असलेली तिसरी पर्ल बांधण्यावाचून गत्यंतर नसे.

ऑक्टोबर 1994 मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीने ही अवस्था संपविली. विस्तार आता आज्ञावली चालू असताना, लागेल तेव्हा, वेगळ्या फाइलीतून आत घेता येऊ लागला. भाषेचा गाभा एकच राहिला आणि तिने शब्द उसने घेण्यास आरंभ केला. डेटाबेसच्या बाबतीत टिम बन्स यांच्या 'डीबीआय' या मॉड्यूलने एकच सामाईक सांधा दिला आणि प्रत्येक डेटाबेससाठी त्याखाली स्वतंत्र ड्रायव्हर बसविता येऊ लागला. बोलींची जागा शब्दसंग्रहाने घेतली. या बदलाचे महत्त्व पर्लच्या नव्या व्याकरणाइतकेच, किंबहुना काकणभर अधिक आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. कारण आता विस्तार ही स्वतंत्रपणे देता-घेता येणारी वस्तू झाली, आणि देण्याघेण्यासाठी बाजारपेठ हवी अशी गरज लगेच उत्पन्न झाली.

ती बाजारपेठ म्हणजे 'सीपॅन'. तिचा नमुना टेक्-वापरणाऱ्यांनी आधीच्या काही वर्षांत उभारलेल्या 'सीटॅन' या संग्रहाचा. यार्को हिएतानिएमी यांच्या पुढाकाराने फिनलंडमधील फुनेट या शैक्षणिक जाळ्याच्या सर्व्हरवर हा संग्रह ऑक्टोबर 1995 मध्ये जाहीर झाला, आणि जगभरच्या सर्व्हरांवर त्याच्या प्रतिकृती ठेवण्यात आल्या. आंद्रेयास क्योनिग यांनी संग्रहातून मॉड्यूल आणून बसविण्याचे काम एका आज्ञेवर आणून ठेवले. परंतु त्या एका आज्ञेच्या पोटात चार पायऱ्या होत्या, आणि त्या हाताने चालविणाऱ्यांची संख्याही मोठी होती. प्रथम मॉड्यूलबरोबर आलेली 'मेकफाइल.पीएल' ही छोटी आज्ञावली चालवावयाची. ती यंत्राची पाहणी करून बांधणीची कृती लिहून काढी. मग 'मेक' म्हणजे बांधणी, 'मेक टेस्ट' म्हणजे चाचणी आणि शेवटी 'मेक इन्स्टॉल'. चाचणीची पायरी वापरणाऱ्याच्या यंत्रावर, त्याच्या डोळ्यांदेखत, बसविण्यापूर्वी होत असे. एखादी चाचणी फसली तर ती फसल्याचे तेथल्या तेथे कळे. 1998 पासून अशा चाचण्यांचे निकाल गोळा करणारी 'सीपॅन टेस्टर्स' ही स्वयंसेवकांची व्यवस्था उभी राहिली, आणि कोणते मॉड्यूल कोणत्या कार्यप्रणालीवर फसते याची नोंद सर्वांना पाहता येऊ लागली. संग्रहाची मूळ वृत्ती या तपशिलात आहे : विस्तार म्हणजे वाचता येणारी मूळ संहिता, आणि वापरणारा हा तिचा शेवटचा घडविणारा.

ही वृत्ती एका गृहीतावर उभी होती. वापरणाऱ्याजवळ कंपायलर आहे, आणि तोही ज्याने त्याची पर्ल बांधली गेली त्याच जातीचा, हे ते गृहीत. युनिक्सच्या जुन्या जगात ते खोटे नव्हते. तथापि तेथेही त्याला तडे जाऊ लागले होते. सन कंपनीने 1992 च्या सुमारास सोलारिस 2 आणली तेव्हा पूर्वी कार्यप्रणालीबरोबर मिळणारा सी-कंपायलर वेगळा करून स्वतंत्र किमतीस लावला. पुष्कळांनी जीसीसी हा मुक्त कंपायलर आणून ती पोकळी भरून काढली. पुढे सोलारिसबरोबर पर्ल येऊ लागली तेव्हा नवाच पेच पडला. ती पर्ल सनच्या कंपायलरने बांधलेली होती, आणि मॉड्यूलची बांधणी त्याच कंपायलरची चिन्हे जीसीसीपुढे ठेवी. जीसीसीला ती समजत नसत.

टेबलावरच्या संगणकांवर तर हे गृहीत मुळातच लागू नव्हते. विंडोज व मॅक या प्रणालींबरोबर कंपायलर येत नसे. तेथील ग्राहक आज्ञावली विकत घेणारा होता, बांधणारा नव्हे. पर्लसोबत येणारे 'पर्लमॉडइन्स्टॉल' हे मार्गदर्शक पत्रक या दृष्टीने ऐतिहासिक साधन म्हणून वाचण्यासारखे आहे. युनिक्सच्या वाचकाला ते चार ओळींत वाटेला लावते. विंडोजच्या वाचकाला मात्र आधी मॉड्यूलच्या फाइलींची नावे तपासावयास सांगते : सी-संहितेच्या फाइली त्यात आढळल्या तर यापुढे तुमचे कठीण आहे, अशा अर्थाचा इशारा ते सरळ देते, आणि व्हिज्युअल सी++ सारखा कंपायलर मिळवा अथवा आयते बांधलेले मॉड्यूल शोधा असे दोन मार्ग दाखविते. जुन्या मॅकच्या वाचकासाठी त्यात आणखी निराळी कृती आहे. मॉड्यूलची फाइल माऊसने ओढून एका चित्रावर सोडावयाची, म्हणजे ती उलगडते; दुसऱ्यावर सोडावयाची, म्हणजे बसते. केवळ पर्लमध्ये लिहिलेल्या मॉड्यूलपुरती ही कृती इतरांपेक्षाही सोपी होती. सी-संहिता आली की मात्र एकाहून अधिक कंपायलर जुळवावे लागत. एकच पत्रक, परंतु त्यातील तीन वाचक तीन वेगळ्या सामाजिक परिस्थितींत उभे आहेत.

विंडोजवरील अडचणीवर दोन उपाय निघाले. पहिला अ‍ॅक्टिव्हस्टेट या कंपनीचा. तिच्या 'अ‍ॅक्टिव्हपर्ल' बरोबर 'पीपीएम' हे साधन येई. कंपनीच्या यंत्रांवर बांधून ठेवलेली मॉड्यूले ते आणून बसवी. कंपायलरचा प्रश्न मिटला, पण कंपनीच्या यादीत जे नाही ते विंडोजवर नाही, अशी स्थिती झाली. सीपॅनवर एखाद्या मॉड्यूलची नवी आवृत्ती आली तरी ती पीपीएमच्या वाटेने येईपर्यंत थांबावे लागे. दुसरा उपाय सुमारे दशकभराने आला. अ‍ॅडम केनेडी यांच्या 'स्ट्रॉबेरी पर्ल' या संचात भाषेबरोबर जीसीसी कंपायलरही दिलेला असे, म्हणून सीपॅनवरील मॉड्यूल विंडोजवरही मूळ संहितेपासून, चाचणीसह, बांधता येऊ लागले. तुलना करता दुसरा उपाय अधिक प्रतिष्ठेचा वाटतो. त्यात टेबलावरच्या वाचकाला ग्राहक न मानता युनिक्सवाल्याच्या पंक्तीस बसविण्याचा प्रयत्न होता. बाहेरील मोठे सी-ग्रंथालय हवे असणाऱ्या मॉड्यूलपुढे मात्र तोही पुष्कळदा अडखळे.

याच काळात संख्याशास्त्रासाठीच्या 'आर' या भाषेने तिसरा मार्ग धरला होता. 1997 मध्ये व्हिएन्ना येथून सुरू झालेल्या 'क्रॅन' या संग्रहाने विंडोजसाठीची बांधणी स्वतःकडेच घेतली. कर्त्याने मूळ संहिता पाठवावी, तपासणी व बांधणी संग्रहाने करावी, आणि वापरणाऱ्याने ती आयती घ्यावी. आरचा प्रसार प्रयोगशाळांबाहेरही झाला त्यामागे हे एक कारण असावे. मात्र त्यासाठी मूठभर माणसांना अविश्रांत राबावे लागले, ही गोष्ट विसरता येत नाही.

पायथनचा मार्ग याहून वळणावळणाचा आहे. गीदो फान रॉसुम यांनी ही भाषा 1991 मध्ये प्रसिद्ध केली. तथापि विस्तार बांधण्याची प्रमाणित पद्धत तिला 2000 साली, ग्रेग वॉर्ड यांच्या 'डिस्टयुटिल्स' मुळे मिळाली, आणि 'पायपीआय' ही सामाईक सूची 2003 मध्ये. फिलिप एबी यांची 'सेटअपटूल्स' (2004) आणि इयान बिकिंग यांचे 'पिप' (2008) ही त्यापुढील साधने. पर्लकरांनी संग्रह आधी बांधला व बाकीचे त्याभोवती उभारले. पायथनकरांच्या हाती साधने सुटीसुटी आली आणि प्रत्येक नव्या साधनाने मागच्याचे काही मोडले. याचा सविस्तर पाढा येथे वाचण्याचे कारण नाही.

विंडोजवरील पायथनचा अनुभव मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. जुलै 2010 मध्ये आलेली पायथन 2.7 ही व्हिज्युअल सी++ च्या 2008 च्या आवृत्तीने बांधलेली होती, आणि तिच्यासाठीचे विस्तारही त्याच आवृत्तीने बांधावयास हवे होते. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर पुढे सरकत गेला, पायथन 2.7 ला मात्र 1 जानेवारी 2020 पर्यंत आधार मिळत राहिला. यामुळे एक विलक्षण प्रसंग घराघरांतून घडू लागला. विद्यार्थी विस्तार बसविण्याची आज्ञा देई आणि 'व्हीसीव्हार्सऑल.बॅट' ही फाइल सापडत नाही, एवढाच निरोप त्याला मिळे. ही फाइल कंपायलरची परिस्थिती जुळविणारी. कंपायलरच नसल्यामुळे ती नसे. परंतु निरोपात कंपायलरचे नावही नसे, आणि शोधाशोध करून एखाद्याने नवा कोरा कंपायलर आणलाच तर तोही चालत नसे, कारण तो 2008 चा नव्हता. भाषेच्या व्याकरणात यत्किंचितही चूक न करता भाषा बोलता न येण्याचा हा प्रकार होय. मायक्रोसॉफ्टने 2014 मध्ये केवळ पायथन 2.7 साठी जुन्या कंपायलरचा स्वतंत्र संच काढला, यावरून ही अडचण किती पसरली होती याची कल्पना यावी.

मधल्या वर्षांत ही उणीव प्रामुख्याने एका व्यक्तीने भरून काढली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील फ्लुओरेसन्स डायनॅमिक्स प्रयोगशाळेतील क्रिस्टोफ गोल्के यांनी शास्त्रीय उपयोगाचे शेकडो विस्तार विंडोजसाठी बांधून विनामूल्य उपलब्ध करून दिले. त्यांच्या पृष्ठावर ते अनधिकृत असल्याचे स्पष्ट लिहिलेले होते. तरी अनेक वर्षे विंडोजवर पायथनने संशोधन करणाऱ्यांचा व्यवहार त्या अनधिकृत पृष्ठावर चालत होता, ही वस्तुस्थिती आहे.

मराठीच्या अभ्यासकाला या इतिहासाशी काय कर्तव्य, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर 'ळ' या एका अक्षरात देता येते. शब्दांची यादी वर्णानुक्रमे लावावयास सांगितली असता पायथन अक्षरांच्या युनिकोड क्रमांकांनुसार ती लावते. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल' च्या लगेच नंतर, 'व' च्या आधी आहे. आपल्या शाळांतून शिकविली जाणारी वर्णमाला मात्र 'ह' नंतर 'ळ', मग 'क्ष' आणि 'ज्ञ' अशी जाते. तेव्हा मूळ पायथनने लावलेल्या यादीत 'कळ' हा शब्द 'कवच' च्या आधी येतो, आणि 'क्ष' ने आरंभ होणारे शब्द 'क' च्या पोटात जातात. मराठीचा क्रम जाणणारे नियम 'आयसीयू' या सी व सी++ मधील ग्रंथालयात आहेत, आणि पायथनपर्यंत ते 'पायआयसीयू' नावाच्या विस्तारामधून पोचतात. हा विस्तार पायपीआयवर दीर्घकाळ मूळ संहितेच्या रूपातच मिळत असे. विंडोजवर तो बांधावयाचा तर कंपायलर हवा आणि आयसीयूही हवे. म्हणून शब्दसूची करणारा अभ्यासक गोल्के यांच्या पृष्ठाकडे वळे. पर्लमध्ये हेच कार्य 'युनिकोड::कोलेट' हे मॉड्यूल करते. त्याच्या स्थानिक नियमांत मराठी व कोकणी या दोहोंचा समावेश आहे, आणि ते पर्लच्या मूळ संचाबरोबरच येत असल्यामुळे बांधणीचा प्रश्न उद्भवत नाही. विस्तार कोणत्या पेटीत ठेवला आहे यावर कोणत्या भाषेचा वर्णक्रम शुद्ध राहील हे ठरावे, ही गोष्ट कोशकाराने दुर्लक्ष करण्यासारखी खचित नाही.

महाराष्ट्रातील आणखी एका उदाहरणाचा उल्लेख अवश्य आहे. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी निर्माण केलेला 'मायावी' हा त्रिमितीय चित्रणाचा विस्तार जगभरच्या संशोधकांनी वापरला. तो 'व्हीटीके' या अवजड सी++ ग्रंथालयावर उभा असल्याने त्याची बांधणी दीर्घकाळ जिकिरीची ठरली. मायावीतील अडचण बहुधा मायावीची नसून त्याच्या पायाची असे.

पायथनमधील निर्णायक बदल 'व्हील' या रचनेने झाला. डॅनियल होल्थ यांनी मांडलेली ही रचना 2013 च्या आरंभी प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. (पायथनचे नाव माँटी पायथन या विनोदी नटमंडळीवरून, पायपीआयचे जुने टोपणनाव त्यांच्याच एका प्रहसनावरून 'चीजचे दुकान', तेव्हा व्हील म्हणजे गाडीचे चाक नसून चीजची वाटोळी चकती.) व्हीलमध्ये बांधणी झालेला विस्तार असतो. कोणत्या पायथनसाठी, कोणत्या प्रणालीसाठी आणि कोणत्या यंत्रासाठी तो बांधला आहे हे फाइलीच्या नावातच लिहिलेले असते. पिप ते नाव वाचते, जुळणारी फाइल आणते व उलगडून ठेवते. मार्च 2014 च्या पायथन 3.4 पासून पिप भाषेबरोबरच येऊ लागले. लिनक्सच्या असंख्य वाणांमुळे तेथे व्हील ठेवणे अवघड होते. 2016 मध्ये सेंटओएस 5 ही जुनी प्रणाली आधारभूत धरून बांधलेले व्हील बहुतेक वाणांवर चालते असे ठरवून तोही मार्ग मोकळा करण्यात आला. बांधणीचे ओझे वापरणाऱ्याच्या टेबलावरून उचलून कर्त्याकडे गेले, आणि कर्त्याने ते बव्हंशी भाड्याच्या वा फुकट मिळणाऱ्या सर्व्हरांवर सोपविले.

ही सोय मोठी आहे हे नाकारण्याचे कारण नाही. तिच्याबरोबर जे गेले त्याची नोंद मात्र फारशी झालेली नाही. सीपॅनच्या चार पायऱ्यांपैकी चाचणीची पायरी पिपच्या व्यवहारात उरली नाही. विस्तार बसतो, तो या यंत्रावर बरोबर चालतो की नाही हे बसविताना कोणी पाहत नाही. मूळ संहिताही वाचकाच्या समोरून जात नाही, कारण व्हीलमध्ये सी-संहितेऐवजी तिचे यंत्ररूप असते. विश्वास ठेवण्याचे स्थान बदलले, आणि त्याचा गैरफायदा घेणारेही निघाले. प्रसिद्ध विस्तारांशी मिळत्याजुळत्या नावांचे बनावट विस्तार पायपीआयवर ठेवण्यात आल्याचे स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय सुरक्षा कार्यालयाने सप्टेंबर 2017 मध्ये जाहीर केले. नाव टाइप करताना झालेली एका अक्षराची चूक तेवढी पुरेशी होती. पीपीएमच्या काळात कंपनीची यादी अपुरी असल्याची तक्रार होती. त्या अपुऱ्या यादीला निदान एक राखणदार होता.

संशोधनाच्या दृष्टीने याचा परिणाम आणखी एका ठिकाणी होतो. एखाद्या प्रबंधातील शब्दगणना किंवा वर्णक्रम विशिष्ट विस्ताराच्या विशिष्ट आवृत्तीवर अवलंबून असतो. बांधणी वापरणाऱ्याकडे होती तेव्हा त्याच्याजवळ निदान मूळ संहितेची गाठोडी उरत. आज त्याच्याजवळ केवळ एक आज्ञा उरते, आणि ती आज्ञा दोन वर्षांनी पुन्हा दिली असता तीच वस्तू आणील असे नाही. आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवणे, तो स्वतंत्र फोल्डरमधील वेगळ्या पायथनमध्ये जखडून ठेवणे, हे उपाय उपलब्ध आहेत. 2007 पासून 'व्हर्च्युअलएन्व्ह' सारखी साधने त्यासाठीच आहेत. प्रबंधांच्या परिशिष्टांत मात्र अशी नोंद क्वचितच आढळते.

2022 मध्ये अर्व्हाइनच्या त्या प्रयोगशाळेचा निधी संपला आणि गोल्के यांच्या पृष्ठावर सेवा बंद होत असल्याची सूचना लागली. बहुतेक मोठ्या विस्तारांचे कर्ते तोपर्यंत स्वतःचे व्हील बांधू लागले होते, त्यामुळे त्यांच्या वापरणाऱ्यांना फरक जाणवला नाही. ज्या थोड्या विस्तारांना मूळ संहितेखेरीज दुसरे रूप नव्हते, त्यांत पायआयसीयू होते.